उद्या आहे का?

शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला की तो कुणाचा, हे मला न बघता कळतं. मेहुण्याचा असतो. ख्यालीखुशाली वगैरे काही नाही, थेट मुद्दा: "भावोजी, उद्या आहे का?"

काय आहे का, हे मी विचारत नाही. समुद्र तर आहेच, तो उद्या रजेवर जाणार नाही. मेहुण्याला विचारायचं असतं ते असं, की उद्या पहाटे किनाऱ्यावर सर्फिंगचा बोर्ड घेऊन उतरण्याजोग्या लाटा असतील का, वारा धड असेल का, पाऊस झोडपेल का, आणि साखरझोप मोडल्याचं सार्थक होईल का. या सगळ्याचं उत्तर त्याला 'हो' किंवा 'नाही' यातल्या एका शब्दात हवं असतं. शिवाय ते त्याच्या भाषेत हवं असतं, आणि त्याच्या भाषेत 'नाही' हा शब्द नाही.

घरचं हवामान खातं माझ्याकडे कसं आलं, तेही सांगून टाकतो. मागे कधीतरी चारचौघांत मी 'स्वेलचा पिरियड' असे दोन शब्द एका दमात उच्चारले. (स्वेल म्हणजे दूरच्या वादळातून चालत आलेल्या लाटा; पिरियडचं पुढे सांगतो.) सगळे माझ्याकडे आदरानं बघू लागले. मला ते आवडलं. तेव्हापासून खातं माझ्याकडे आहे. पगार नाही, बढती नाही, आणि पाऊस पडला तर तो मी पाडलेला असतो.

या खात्याचं दुखणं तसं जुनंच आहे. डार्विनला जगाच्या सफरीवर नेणाऱ्या बीगल जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांनी 1861 साली लंडनच्या वर्तमानपत्रात रोजचा हवामान अंदाज द्यायला सुरुवात केली. लोकांनी त्यांचे बरोबर आलेले अंदाज स्वतःच्या नशिबाच्या खात्यात जमा केले आणि चुकलेले फिट्झरॉय यांच्या नावावर लिहून ठेवले. मी तर साधा भावोजी.

आता अंदाज म्हणजे काय असतो ते बघा. लाटांच्या अंदाजाचं अॅप उघडलं की पहिला आकडा येतो तो लाटेच्या उंचीचा. समजा, एक मीटर. मेहुणा खूश होतो, कारण एक मीटर म्हणजे एक मीटर, त्यात न कळण्यासारखं काय आहे? तर आहे. हा आकडा कुठल्याच एका लाटेचा नसतो. समुद्रावरच्या सगळ्या लाटा उंचीनुसार लावल्या, त्यातल्या सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटा घेतल्या आणि त्यांची सरासरी काढली, की हा आकडा मिळतो. म्हणजे बहुतेक लाटा याहून लहान असणार आणि अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट येणार. ती दुप्पट लाट नेमकी कुणावर यायची हे अॅपमध्ये दिलेलं नसतं, पण आम्हाला अनुभवानं ठाऊक आहे. आमच्या शेजारचे निवृत्त काका नुसते घोटाभर पाण्यात उभे राहून व्यायाम करतात. ती त्यांच्यावर येते.

"अहो, तुम्ही तर एक मीटर म्हणाला होतात," काका चष्मा शोधत म्हणतात.

आणि हा एक मीटरसुद्धा खोल समुद्रातला. किनाऱ्यापर्यंत येताना लाटेला तळ लागतो, ती वळते, कुठल्या टेकाडाआड अर्धी होते, कुठे वाळूच्या दांड्यावर चढून दीडपट होते. म्हणून सर्फिंग करणारी मंडळी मीटरच्या भानगडीत फारशी पडत नाहीत. ती अंगावर मोजतात: गुडघाभर, कंबरभर, छातीभर, डोक्याएवढी. ही पद्धत फार सोपी, फक्त कुणाचा गुडघा आणि कुणाची कंबर हे आधी ठरवावं लागतं. मेहुणा सहा फूट उंच. माझी मुलगी त्याच्या कोपरापर्यंत पोचते. एकाच लाटेबद्दल दोघं पाण्याबाहेर येऊन साक्ष देतात, तेव्हा मेहुणा 'कंबरेएवढी' म्हणतो आणि मुलगी 'डोक्यावरून गेली बाबा!' म्हणते. दोघंही खरं बोलतात. हवाईमध्ये तर जुने सर्फर लाट मागच्या बाजूनं मोजतात, त्यामुळे समोरून दहा फूट दिसणारी लाट तिथे पाच फुटांची होते. मला ही पद्धत पसंत पडली. मेहुण्याला ती मान्य नाही. त्याच्या लाटा घरी येईपर्यंत वाढतच असतात, आणि रात्री तो गोष्ट सांगायला बसला की छताला लागतात.

उंचीनंतर येतो तो पिरियड, ज्यानं मला या खात्यात ओढलं. एक लाट गेल्यावर पुढची यायला लागणारे सेकंद, एवढाच त्याचा अर्थ. पण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. सहा सेकंदांची लाट म्हणजे जवळपासच्या वाऱ्यानं उठवलेली खळबळ, खोल समुद्रात तिची लांबी साधारण 56 मीटर. चौदा सेकंदांची लाट मात्र 300 मीटरहून लांब, कुठल्यातरी दूरच्या वादळात जन्मलेली, आणि तिच्यातली ऊर्जा ताशी जवळजवळ 40 किलोमीटरनं येते. दोन्हींची उंची एक मीटरच लिहिलेली असली तरी पहिली अंगाला चाटून जाते आणि दुसरी उचलून नेते.

हे मी मेहुण्याला पुष्कळदा समजावलं आहे. वॉल्टर मंक नावाच्या शास्त्रज्ञानं 1963 साली काय केलं, हेही सांगितलं. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांतून निघालेली स्वेल न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, अख्खा प्रशांत महासागर ओलांडताना, जागोजागी यंत्रं लावून त्यांनी मोजली होती. हजारो किलोमीटर चालून गेलेली लाट! माझ्या अंगावर हे सांगताना काटा येतो. मेहुण्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण आपल्याकडे किती वाजता पोचेल?"

मग वारा. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला की लाटेचा चेहरा नितळ होतो, ती उशिरा आणि नीट फुटते. उलट वाहिला की सगळा चिखल. शाळेत आपण मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, परीक्षेत त्यांची अदलाबदल केली होती आणि आयुष्यात पुन्हा उपयोग पडणार नाही अशा समजुतीनं विसरून गेलो होतो. तो उपयोग पहाटे साडेपाचला पडतो. रात्रभर जमीन गार झालेली असते, म्हणून सकाळी मतलई. ऊन चढलं की जमीन तापते आणि खारे सुरू. लाटांचा सगळा शौक पहाटेचा का, याचं उत्तर हे इतकंच आहे. त्यात निसर्गसौंदर्य वगैरे काही नाही. कुणी सूर्योदयासाठी जातो म्हणाला तर त्याला वाऱ्याची दिशा विचारावी.

पण दिशा विचारणं म्हणजे आणखी एक संकट. वायव्येचा वारा म्हणजे वायव्येकडून येणारा. अॅपमधला बाण मात्र तो जातो तिकडे तोंड करून असतो. बरं, स्वेलचंही वाऱ्यासारखंच, कुठून येते ते सांगायचं. आणि पाण्याचा प्रवाह? तो कुठे जातो ते सांगायचं. माणसाच्या बाबतीतही आपण असंच करतो म्हणा, पाहुणे कुठून आले ते विचारतो आणि स्वतःचा मुलगा कुठे चालला ते विचारतो. पण पहाटेच्या अंधारात, एका डोळ्यानं मोबाईल बघताना, हा फरक कोण लक्षात ठेवणार? मेहुणा बाणाकडे बघून म्हणतो, "वारा तिकडे चाललाय." मी म्हणतो, "तिकडून आलाय." मग आम्ही दोघं बोट ओलं करून हवेत धरतो.

माझ्या मोबाईलवर अशी चार अॅप्स आहेत. एकात तारे मिळतात, दुसऱ्यात रंग, तिसरं 'बरं ते ठीक' अशा भाषेत बोलतं, जी लग्नासाठी मुलगी बघून आल्यावरची भाषा आहे. चौथं का घेतलं ते आठवत नाही. शुक्रवारी रात्री चारही जणांनी एकच सांगितलं की मला मोठा धीर यायचा. चार साक्षीदार, चौघांची जबानी एक! पुढे कळलं की यातली बरीच मंडळी आपले आकडे त्याच एकदोन मोठ्या जागतिक मॉडेलांतून, म्हणजे संगणकावर मांडलेल्या हवामानाच्या गणितांतून उचलतात. एक अमेरिकन, एक युरोपियन. म्हणजे साक्षीदार एकच होता, तो चार वेगवेगळे सदरे घालून आला होता. आणि ही मॉडेलं जगाचे चौकोन पाडून हिशेब करतात. प्रत्येक चौकोन काही किलोमीटरांचा. आमची छोटीशी खाडी त्यातल्या कुठल्यातरी चौकोनाच्या कोपऱ्यात येते, अर्धी जमिनीवर. मॉडेलच्या दृष्टीनं आम्ही शनिवारी सकाळी शेतात पोहत असतो.

ती दोन मॉडेलं भांडायला लागली की खरी पंचाईत. अमेरिकन म्हणतं 'जा', युरोपियन म्हणतं 'झोप'. अशा वेळी मला ग्रुप कॅप्टन जेम्स स्टॅग आठवतात. दुसऱ्या महायुद्धात, जून 1944 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरवायचं होतं. अंदाज सांगणाऱ्या तुकड्या वेगवेगळ्या आणि त्यांचं आपसांत पटत नव्हतं. त्या सगळ्यांच्या भांडणातून एकच उत्तर काढून मोहिमेचे प्रमुख जनरल आयझेनहॉवरना द्यायचं काम स्टॅग यांच्याकडे. 5 जूनचा बेत खराब हवेमुळे पुढे ढकलला, मग 6 तारखेला थोडी उघडीप मिळेल असं त्यांनी सांगितलं आणि मोहीम निघाली. किनाऱ्यावर लाटा किती असतील याचा अंदाज बांधण्याची पद्धतसुद्धा त्याच युद्धात, याच मंक यांनी आपले गुरू हॅराल्ड स्वेरड्रुप यांच्याबरोबर बसवली होती. थोडक्यात, 'उद्या आहे का?' हा प्रश्न आयझेनहॉवरनीही विचारला होता. पण त्यांनी ऐकून घेतल्यावर दुसऱ्या कुणाला फोन करून पुन्हा विचारलं नसावं. मेहुणा माझ्यानंतर काकांना विचारतो.

काकांकडे कुठलंच अॅप नाही. त्यांचा गुडघा दुखतो किंवा दुखत नाही.

किनाऱ्यावर एक कॅमेराही बसवला आहे, घरबसल्या लाटा बघता याव्यात म्हणून. त्याच्या भिंगावर कायम खाऱ्या पाण्याचे थेंब. मोठी लाट आहे असं वाटून आपण चप्पल घालतो, तेवढ्यात ती लाट पंख फडफडवते आणि उडून जाते. बायको हे सगळं बघून म्हणते, "एवढ्या वेळात जाऊन बघून आला असतास." यावर माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नाही.

प्रत्यक्ष गेल्यावर निराळाच तमाशा. पाच मिनिटं समुद्र असा सपाट पडून राहतो की त्याच्यावर ओळी आखून घ्याव्यात. लाटा जथ्यानं येतात, मध्ये लांबच लांब सुट्टी असते, हे मला ठाऊक आहे. मेहुण्याला नाही. तो कंटाळून माघारी वळतो, आणि त्याची पाठ फिरली की जथा येतो. एकदा त्यानं फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध एक शांत, काळसर पट्टा हेरला. "भावोजी, इकडे या, इथे काहीच नाहीये!" मी जितका जोरात ओरडलो तितका लग्नात अंतरपाट धरतानाही ओरडलो नव्हतो. कारण दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधलाच पट्टा गप्प असेल, तर बहुतेक तिथूनच किनाऱ्यावर चढलेलं पाणी आत परत चाललेलं असतं. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे उलटं पोहून फक्त दम जातो. काठाला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावं, मग वळावं, आणि नाहीच जमलं तर तरंगत राहून हात वर करावा. जीवरक्षकानं तिथे लाल बावटा लावलेला होताच. मेहुण्याच्या मते तो सजावटीचा होता. जीवरक्षक अॅप बघत नाही, समुद्राकडे बघतो, आणि बावट्याला 'बरं ते ठीक' म्हणता येत नाही. त्याच्याशी मी कधी वाद घालत नाही. मॉडेलशी घालतो.

परवा मात्र प्रकरण फार पुढे गेलं. मेहुण्याला रजा टाकायची होती, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेची. अंदाज आताच हवा. मी त्याला समजावलं, की अमेरिकन मॉडेल सोळा दिवसांपर्यंत आकडे देतं खरं, पण आठवड्यापलीकडचे आकडे बघणं म्हणजे मनाचं समाधान. सुरुवातीला केसभर चूक असली तरी ती वाढत वाढत कुठल्या कुठे जाते, हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1963 सालीच हे गणितानं दाखवलं आहे. तो गप्प होता. मला वाटलं, पटलं. 

"म्हणजे काहीच सांगता येणार नाही?"

"भरती-ओहोटी सांगता येईल," मी म्हणालो. खात्याची अब्रू राखायची होती, आणि ही एक गोष्ट तरी पक्की असते. चंद्र आणि सूर्य कुठे असतील ते ठरलेलं, म्हणून भरतीची कोष्टकं वर्षवर्ष आधी छापता येतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण. मी कोष्टक काढलं, बोट ठेवत खाली गेलो. "वीस तारखेला सकाळी सव्वासातला पूर्ण भरती."

"नक्की?"

"शंभर टक्के."

"म्हणजे पाणी असेल."

"पाणी असेल."

"मग एवढं लांबण कशाला लावलंत, भावोजी," तो म्हणाला, "आहे म्हणा की." आणि त्यानं रजा टाकली. माझीसुद्धा.