आवाजावरचा बोजा

कॉम्प्युटरचा आवाज गेला की माणूस सगळ्यात आधी आवाज वाढवतो. पन्नासचा ऐंशी, ऐंशीचा शंभर. सांगलीत आयर्विन पुलाखाली ४५ फुटांवर कृष्णेची धोक्याची पातळी लागते. आपली पट्टी तिच्याही वर जाऊन टेकते आणि स्पीकरमधून मात्र मे महिन्यातली कृष्णा वाहत असते. मग स्पीकरला एक चापट. मग दुसऱ्या स्पीकरला, त्याला वाईट वाटू नये म्हणून. तेवढ्यात घरातलं कुणीतरी म्हणतं, "त्याला फोन लावा की, त्याला कळतंय त्यातलं." तो 'त्याला' म्हणजे मी.

१८४३ साली मराठी नाटकानं याच सांगलीत पहिल्यांदा तोंड उघडलं. पलीकडं मिरजेत तानपुरे तयार होतात. भोपळा, लाकूड, चार तारा; घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवला की जवारी लागते, सूर घुमतो. तानपुऱ्याला आजवर कुणी 'एकदा बंद करून चालू करा' म्हटलेलं नाही. अशा मुलखात एखादी वस्तू मुकी बसते हे माझ्या मनाला लागतं, म्हणून मी फोन उचलतो.

"दादा, सगळं करून बघितलं. येईना झालाय आवाज."

'सगळं' म्हणजे काय ते विचारल्याशिवाय पुढं सरकू नये. पिन मागच्या हिरव्या भोकात आहे ना? गुलाबी माइकचं, निळं लाइन-इनचं. नवा मॉनिटर एचडीएमआयच्या वायरनं जोडलाय का? मग विंडोजनं आवाज परस्पर मॉनिटरच्या नावावर वर्ग केलेला असतो आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतात. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून आउटपुट बदललं की संपलं. 'सर्व्हिसेस'मध्ये, म्हणजे विंडोजच्या पडद्यामागं चालणाऱ्या कामांच्या यादीत, 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' दोन्ही 'रनिंग' दिसतात का? पहिली दुसरीच्या खांद्यावर उभी असते, त्यामुळं दुसरी आडवी असेल तर पहिलीला कितीही उठवा, उठत नाही. बऱ्याच तक्रारी इथंच मिटतात आणि लोक चहाला बोलवतात.

चहा लांबणीवर पडतो तो स्पीकरच्या चित्रावर लाल फुली असते तेव्हा. त्यावर बाण नेला की 'नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड' उमटतं. स्पीकर समोर टेबलावर, बिलासकट, आणि विंडोज म्हणतं असं काही जोडलेलंच नाही. आता 'डिव्हाइस मॅनेजर' उघडायचा, 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' ही ओळ पसरायची. साउंड कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल. त्यावर डबल क्लिक केलं की चौकटीत एक कोड दिसतो आणि सगळी मेख त्या आकड्यात असते. २८ असेल तर ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि यंत्र यांची बोलणी करून देणारा प्रोग्राम, घातलेलाच नाही. घाला, मोकळे व्हा. १० असेल तर कारणं पन्नास. १९ असेल तर वाक्य असं असतं, की या यंत्राची रजिस्ट्रीतली माहिती अपुरी किंवा खराब आहे, म्हणून ते सुरू करता येत नाही. ३९ असेल तर ड्रायव्हर बिघडलाय किंवा गायब आहे. लोक फोनवर कोड सांगत नाहीत, 'पिवळं काहीतरी आलंय' एवढंच सांगतात. पिवळं म्हणजे सांगलीत हळद. मला आकडा हवा असतो.

रजिस्ट्री म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात समजावायला फार सोपं आहे. ते विंडोजचं तलाठी दप्तर. (तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झालेत, पण दप्तर तेच.) कुठला प्रोग्राम कुणाच्या मालकीचा, कुठल्या यंत्राला कुठला ड्रायव्हर, सगळ्याच्या नोंदी तिथं. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये हे दप्तर लहानसं होतं, विंडोज ९५ पासून अख्खा गाव त्यात आला. आणि दप्तर म्हटलं की सातबाऱ्यावरचा 'इतर हक्का'चा रकाना आलाच. शेत तुमचं, सोसायटीचं कर्ज आजोबांनी कधीच फेडलेलं, पण सातबाऱ्यावर बोजा तसाच. दुसरी बँक उतारा बघते आणि फाइल परत करते. शेतात काही दोष नाही, विहिरीला पाणी आहे, ऊस उभा आहे; आडवी आलीय ती एक ओळ.

साउंडचं हेच होतं. आवाज बदलणारं, बास वाढवणारं, स्क्रीन रेकॉर्ड करणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर कुणीतरी घालतं. आवाजाच्या वाटेत मध्ये उभं राहायचं तर त्याला आपला छोटा ड्रायव्हर मूळ ड्रायव्हरच्या डोक्यावर किंवा पायाखाली बसवावा लागतो. त्याची नोंद 'अपरफिल्टर्स' किंवा 'लोअरफिल्टर्स' या नावानं होते. हाच तो इतर हक्काचा रकाना. पुढं पोरगं कंटाळतं, सॉफ्टवेअर काढून टाकतं. चांगलं सॉफ्टवेअर जाताना आपली नोंद पुसून जातं. फुकटचं तसंच निघून जातं, भाड्याच्या खोलीत खिळे ठेवून जावं तसं. पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना रकाना वाचतं, त्यातल्या माणसाला हाक मारतं, तो येत नाही, आणि विंडोज साउंड कार्डालाच दारात उभं करतं. 'सर्व्हिसेस'च्या नोंदीत त्या नावाचं खातंच नसेल तर कोड १९. खातं आहे पण ड्रायव्हरची फाइल जागेवर नाही, तर ३९. आकडा का मागतो ते आता कळलं असेल.

इथंच दुरुस्तीवाल्यांच्या दोन ठरलेल्या सूचना येतात. पहिली, 'विंडोज मारावी लागंल', म्हणजे सगळी पुसून नव्यानं घालावी लागेल. दुसरी, 'मदरबोर्डवरचा साउंड गेलाय, यूएसबीचं साउंड कार्ड लावा.' पहिलीनं आवाज येतो. बोजा उतरवायला शेतच नव्यानं खरेदी करण्यातला हा प्रकार आहे. दुसरीनं बऱ्याचदा तेही होत नाही. कारण बोजा एका यंत्रावर नसतो, अख्ख्या साउंडच्या वर्गावर असतो आणि यूएसबीचं कार्डही त्याच वर्गात नाव लावतं. नवं कोरं कार्ड, पाकीट फोडलं, खुपसलं, त्यालाही पिवळा त्रिकोण! माणूस तिथं खचतो. मी मात्र खूश होतो, कारण दोन वेगळी यंत्रं एकाच कोडानं पडली की गुन्हेगार वर्गाच्या नोंदीत आहे हे जवळपास नक्की. खात्रीच करायची तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघावं. तिथं आवाज आला, म्हणजे मदरबोर्ड निर्दोष.

आता दप्तरात हात घालायचा. हरिपूरला हळदीच्या पेवाचं, जमिनीखालच्या कोठाराचं, तोंड उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे, कोंडलेली हवा आधी जाऊ देत. तसं इथं आधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे चुकलं तर विंडोजला परत फिरायची जागा, करून ठेवायचा. सी ड्राइव्हचं 'सिस्टिम प्रोटेक्शन' बंद असेल तर आधी ते चालू करायचं. काही जुनेजाणते सांगतात, रजिस्ट्रीची प्रत विंडोज आपणहून 'रेगबॅक' फोल्डरात ठेवतंय. ठेवत होतं. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तो फोल्डर नावापुरता उरलाय. आतल्या फाइलींचा आकार शून्य.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून 'रेगएडिट' लिहायचं. डावीकडं 'एचकी लोकल मशीन', मग 'सिस्टिम', 'करंट कंट्रोल सेट', 'कंट्रोल', 'क्लास'. तिथं महिरपी कंसातली लांबच लांब नावं दिसतात, वाचली की ऊस कारखान्याच्या वजनपावत्या आठवतात. आपलं नाव ४डी३६ई९६सी नं सुरू होतं. शेजारी याच घराण्यातली भावकी राहते, या पहिल्या तुकड्यातला शेवटचा एकच अक्षर-आकडा वेगळा: ९६बी कीबोर्ड, ९६एफ माउस, ९६८ डिस्प्ले, ९६७ हार्ड डिस्क, ९६५ सीडी. एका अक्षराची चूक आणि तुम्ही दुसऱ्याच्या शेतात नांगर घातला. कीबोर्डच्या अपरफिल्टर्समध्ये 'केबीडीक्लास' असतं, ते उडवलं की पुढच्या वेळी कीबोर्ड मेला, पासवर्डही टाकता येत नाही. (टाकता येतो. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चित्रातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड काढायचा आणि माउसनं एकेक अक्षर टिपायचं. तोवर घरचे आवाजाची तक्रार विसरलेले असतात.)

हे नाव फोनवर सांगणं ही वेगळीच शिक्षा.

"सी. नीट बघा, सी."

"सी, सांगलीचा?"

"नाही हो काका, सांगलीचा एस. सी, चिंचणीचा."

"चिंचणीचा तर च."

बुधगावचा बी आणि डिग्रजचा डी लगेच पटतो. ई साठी एरंडोली दिली तर काका म्हणतात, "ते ए." त्यापेक्षा उजवीकडच्या भागात 'क्लास' या नोंदीपुढं 'मीडिया' लिहिलेलं दिसतंय का, हे विचारावं. 'मीडिया' असेल तर शेत आपलं. 'कीबोर्ड' दिसलं तर हात वर करून मागं फिरावं.

शेत सापडलं की त्या नावावर उजवं क्लिक, 'एक्स्पोर्ट', आणि ती फाइल जपून ठेवायची. चुकलं तर तिच्यावर डबल क्लिक केलं की जुन्या नोंदी परत येतात. खाली '००००', '०००१' अशी एकेका यंत्राची पोटखाती असतात, त्यांना हात लावायचा नाही. 'प्रॉपर्टीज' नावाची किल्ली उघडायला गेलं की परवानगी नाकारतात. तो बिघाड नव्हे, ती तशीच असते. तिची मालकी स्वतःकडं ओढायचा सल्ला कुणी दिला तर त्याचा फोन नंबर पुसून टाकावा.

आता मूळ वर्गावर, उजवीकडं, 'अपरफिल्टर्स'. जो तो सांगतो, हे सरळ डिलीट करा. मी सांगतो, थांबा. डबल क्लिक करा. लहानशी खिडकी उघडते आणि एका ओळीत एक अशी नावं दिसतात. ६४ बिटच्या विंडोजवर बहुतेक दोन ओळी असतील. एक 'केएसथंक'. हा घरचा माणूस आहे; ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रामांचं बोलणं ६४ बिटच्या ड्रायव्हरला समजावून सांगतो, दुभाषाच. त्याला काढायचं नाही. दुसरं नाव तुम्हाला कधी न ऐकलेलं वाटेल. तरी लगेच फुली मारू नये. 'सिस्टिम३२'च्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरात त्या नावाची फाइल आहे का, आणि रजिस्ट्रीतच 'करंट कंट्रोल सेट'खालच्या 'सर्व्हिसेस'मध्ये त्या नावाचं खातं आहे का, ते बघायचं. दोन्हींतलं एक जरी नसेल, तर हाच तो निघून गेलेला भाडेकरू. कर्सर त्या ओळीवर नेऊन तेवढीच ओळ पुसायची. खाली रिकामी ओळ राहिली तर रेगएडिट कुरकुरतं, रिकाम्या ओळी चालत नाहीत, मी काढून टाकतो, असं काहीतरी. ओके म्हणा, तो खरंच काढून टाकतो. 'लोअरफिल्टर्स' असेल तर तिथंही हाच पंचनामा. नसेल तर नसेल, नवीन तयार करायचं नाही.

मग 'रीस्टार्ट'. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट, असं अख्ख्या जिल्ह्याचं मत आहे आणि ते चूक आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शट डाउन केलं की विंडोज आपला गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून झोपतं आणि सकाळी तोच परत उचलतं, कालच्या दुखण्यासकट. रीस्टार्टनं मात्र सगळं पहिल्यापासून वाचलं जातं. "बंद करून चालू केलं की दादा, दोनदा केलं!" यात दम नाही तो त्यामुळं.

एवढ्यानं बहुतेक त्रिकोण जातो. नाही गेला तर यंत्रावर उजवं क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', आणि ड्रायव्हरही काढून टाकायच्या चौकटीत न विसरता टिक. ती टिक करायची राहून गेली की विंडोज तोच खराब ड्रायव्हर कोठीतून काढून पुन्हा वाढतं. मग 'अ‍ॅक्शन'मधून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस'. मायक्रोसॉफ्टचा साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' बसला तरी चालेल, आवाज त्याच्यावरही येतो. कंपनीचाच हवा असेल तर मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या मॉडेलनुसार, बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. 'ड्रायव्हर अपडेटर' आणि 'रजिस्ट्री क्लीनर' नावाची हिरवी बटणं दाबू नयेत. रजिस्ट्री क्लीनर वापरायला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. आणि माझ्या अंदाजानं ती फुकटची मंडळी तुमच्याकडं आली ती याच दारातून.

रीस्टार्टचं बटण दाबायच्या आधी एक काम राहिलं. आवाजाची पट्टी शंभरवरून वीसवर आणा. कुणी आणत नाही. हे सगळं उरकतं रात्री साडेअकराला, घर झोपलेलं असतं, आणि ब्राउझर इमानानं सकाळचीच पानं पुन्हा उघडतो. त्यातल्या एका पानावर काकूंचं भजन अडकलेलं असतं, टाळ-मृदंगासह, ऐन गजराच्या जागी.

माझा फोन वाजतो. पलीकडून काकांचं काही ऐकू येत नाही, पण काम झालंय एवढं कळतं.