टॉर्चने काय कळतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आहे त्यात पण मुद्दे खरे आहेत, म्हणून दोन ओळीत न उरकता नीट लिहितेय. तुमचं म्हणणं असं की सीटी स्कॅनच्या जमान्यात दर तासाला पेशंटच्या डोळ्यात टॉर्च मारणं म्हणजे नुसता चार्ट भरायचा सोपस्कार, वडिलांना आयसीयूत चार रात्री धड झोप मिळाली नाही, आणि मीच बाहुल्यांच्या तपासणीवरच्या लेखात लिहिलंय की एका डोळ्यावर उजेड टाकला तरी दोन्ही बाहुल्या बारीक होतात, मग एक डोळा पूर्ण गेला असला तरी कळणार कसं?

आधी हे शेवटचं घेते, कारण ते तुम्ही बरोबर पकडलंत आणि मी लेखात अर्धवट सोडलं होतं. उजेड डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडला की निरोप डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे निघतो, पण दिसतं ते ज्या भागामुळे, तिथे पोचायच्या आधीच त्याला एक फाटा फुटतो आणि तो मिडब्रेनमध्ये, म्हणजे मेंदूच्या खोडाच्या वरच्या भागात, जातो. तिथे एका डोळ्याचा निरोप दोन्ही बाजूंना वाटला जातो, आणि थर्ड नर्व्हमधून, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या नसेतून, दोन्ही बाहुल्यांना आवळायचा हुकूम सुटतो. बाहुली हलायला लागते साधारण सेकंदाच्या पाचव्या भागात. म्हणजे निरोप नेणारी वायर वेगळी आणि हुकूम आणणारी वेगळी. समजा उजव्या डोळ्याची नस पूर्ण निकामी आहे, तर उजव्यावर टॉर्च मारली की दोन्ही बाहुल्या ढिम्म, आणि डाव्यावर मारली की दोन्ही बारीक, उजवीसुद्धा! म्हणजे कळतंच. आणि नस अर्धवटच खराब असेल तर टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर अशी झुलवायची, प्रत्येकावर दोन-तीन सेकंद. खराब डोळ्यावर उजेड आला की बाहुली बारीक राहायच्या ऐवजी मोठी होताना दिसते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं माझंच काही चुकतंय. मोतीबिंदू कितीही पिकलेला असू दे, त्याने हे होत नाही, हे नसेचं किंवा पडद्याच्या मोठ्या बिघाडाचं लक्षण आहे.

आता दर तासाचं. सीटी हा त्या घटकेचा फोटो आहे हो. संध्याकाळी काढलेला सीटी रात्री दोन वाजता मेंदूत काय चाललंय ते सांगू शकत नाही. कवटी बंद डबा आहे, आत सूज वाढली किंवा रक्त साठलं की मेंदूचा भाग खाली सरकतो आणि वाटेत थर्ड नर्व्ह दाबली जाते, आणि बाहुली आवळणारे तंतू त्या नसेच्या अगदी बाहेरच्या बाजूला असतात म्हणून बऱ्याचदा आधी तेच दाबले जातात. बहुतेक वेळा ज्या बाजूला रक्त त्याच बाजूची बाहुली मोठी होते.

एक रात्र सांगते. बाइकवरून पडलेला तरुण पोरगा, बोलत होता, पाणी मागत होता. एक वाजता दोन्ही बाहुल्या तीन मिलिमीटर, पटकन हलणाऱ्या. दोन वाजता उजवी पाच, आणि बारीक होताना अशी रेंगाळली की मी टॉर्च विझवून परत लावून बघितली. आपली बुबुळं काळीभोर, रात्रीच्या मंद उजेडात बाहुलीची कडाच सापडत नाही, टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरकी धरावी लागते. डॉक्टरांना फोन केला, "सर, राइट स्लगिश आहे" (म्हणजे उजवी सुस्त), परत सीटी, आणि थेट ऑपरेशन. तेव्हा तो नुसता पेंगुळलेला दिसत होता, नातेवाईक म्हणाले झोपू द्या त्याला. म्हणून झोपमोड झाली तरी मी ती टॉर्च सोडणार नाही, दादा.

बाहुल्या बारीक झाल्या तरी काही सांगतात. कपाशीवर फवारणी करून आलेला शेतकरी, तोंडाला फेस, अंगाला घाम आणि बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या, की आधी ऑर्गनोफॉस्फेट, म्हणजे कीटकनाशकातलं विष, डोक्यात येतं. रक्ताचे रिपोर्ट यायच्या आधी.

आणि कापसाचं जे विचारलंत, "डोळ्याला कापूस का लावत होते", तो कॉर्नियल रिफ्लेक्स. कापसाची बारीक वात करून बाजूने, पेशंटला दिसू न देता, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला हलकेच लावायची, पापण्या मिटल्या पाहिजेत. यात स्पर्श नेणारी नस पाचवी आणि पापणी मिटणारी सातवी, म्हणजे मेंदूच्या खोडाचा टॉर्चपेक्षा खालचा भाग तपासला जातो. दोन्ही मिळून चित्र कळतं, एकट्याने नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. तुमच्या वडिलांची डावी बाहुली वेडीवाकडी आहे म्हणून पहिल्या रात्री सगळे धावले आणि नंतर कळलं की ते जुन्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे आहे. हे दाखल करतानाच विचारायला हवं होतं, आणि माझ्या लेखातही यायला हवं होतं. आज टाकलंय: डोळ्याचं ऑपरेशन, जुना मार, काचबिंदूचे थेंब, काहीही असेल तर पहिल्याच दिवशी सिस्टरला सांगा आणि चार्टवर लिहून घ्या. कित्येक धडधाकट लोकांच्याही दोन बाहुल्यांत थोडा फरक असतो, म्हणून जुना फोटो असेल तर तोही दाखवा.

वडील आता घरी आलेत का, तेवढं कळवा.