पाच व्होल्टचा कॅमेरा आणि टोल्यूइनची टाकी

माझा भाचा एका रसायन कारखान्यात मेंटेनन्सला आहे. परवा त्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, "मामा, हे चालेल का?" मोबाइलला जोडायचा स्वस्त, वायरीसारखा कॅमेरा टोल्यूइनसारख्या ज्वलनशील सॉल्व्हंटच्या (द्रावकाच्या) टाकीत बिनधास्त सोडावा, पाच व्होल्टला ठिणगी पडत नाही, आयपी ६७ असल्याने आत वाफ शिरत नाही, मोबाइल तर बाहेरच असतो आणि 'फ्लेमप्रूफ', म्हणजे ज्वलनशील वाफेत वापरायला सुरक्षित, हा केवळ महागडा शिक्का आहे, असे त्यात ठासून लिहिले आहे. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये ३० वर्षे काढल्यावर हे वाचून गप्प बसवत नाही.

पाच व्होल्टचा मुद्दा सर्वांत घातक, कारण त्यात अर्धे सत्य आहे. ऊर्जा पुरेशी कमी ठेवली तर ठिणगीने वाफ पेटत नाही आणि 'इन्ट्रिन्सिकली सेफ' उपकरणे याच तत्त्वावर बनतात, हे मान्य करावेच लागेल. मात्र ती मर्यादा नुसत्या व्होल्टवर ठरत नाही. कॉइल आणि कपॅसिटरमध्ये किती ऊर्जा साठते आणि सर्किटमध्ये बिघाड झाला तर काय होईल, हेही तपासावे लागते. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगहेनिथ कोळसा खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले. संशय होता तो इशारा देणाऱ्या विजेच्या घंटेच्या तारांवर. नेमके कारण सिद्ध झाले नाही. पण त्या काळातील संशोधनातून दिसले की बॅटरीवर चालणाऱ्या साध्या घंटेच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा सर्किट तुटताना ठिणगीत उतरते आणि खाणीत साचणारा मिथेन वायू पेटवू शकते. टोल्यूइनच्या वाफेला तर सुमारे ०.२४ मिलिज्यूल पुरतात. हिवाळ्यात दाराच्या कडीला हात लावताच बोटाला जो चटका बसतो, त्यात याहून अधिक ऊर्जा असते.

आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकाव लागतो. स्फोटाशी त्याचा काहीही संबंध नाही.

"मोबाइल बाहेर असतो" हे वाचून मात्र माझा संयम सुटला. बाहेर म्हणजे कुठे? मॅनहोल उघडले की टोल्यूइनची वाफ काठावरून बाहेर येते आणि हवेपेक्षा तिपटीने जड असल्यामुळे खाली पायांशी साचते. टाकीची आतली जागा झोन ० (स्फोटक वाफ सतत असणारी), तर मॅनहोलभोवतीची जागा साधारणपणे झोन १ (अशी वाफ अधूनमधून असू शकणारी) धरली जाते, आणि मोबाइल हातात धरलेला माणूस नेमका तिथेच वाकून उभा असतो. शिवाय प्लॅस्टिकचे आवरण असलेली लांब केबल काठावर घासत खाली सोडली की तिच्यावर स्थिर वीज साठते, ती वेगळीच.

राहिला शिक्का. उपकरणावरील 'ईएक्स आयए आयआयसी टी४' या अक्षरांचा अर्थ असा, की दोन बिघाड एकाच वेळी झाले तरी त्याची ठिणगी हायड्रोजनसुद्धा पेटवत नाही आणि पृष्ठभाग १३५ अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही. आपल्याकडे पेट्रोलियम नियम, २००२ नुसार अशा जागेतील विद्युत उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेसोचे (पेट्रोलियम आणि विस्फोटके सुरक्षा संघटना या केंद्र सरकारी यंत्रणेचे) मुख्यालय नागपूरलाच आहे.

माणूस टाकीत उतरवण्यापेक्षा कॅमेरा उतरवावा, एवढे मात्र त्या संदेशात बरोबर आहे. म्हणून भाच्याला कळवले, की टाकी रिकामी करून, धुऊन, नायट्रोजनने वाफ घालवून आणि मग हवा खेळवून, हवेतील ज्वलनशील वाफेचे प्रमाण मोजणाऱ्या एलईएल मीटरवर टाकीत वर, मध्ये आणि तळाशी शून्य आले आणि सेफ्टी ऑफिसरने कामाच्या परमिटवर (परवानगीपत्रावर) सही केली, तर साधा कॅमेराही चालेल; तोपर्यंत मॅनहोलपाशी मोबाइल खिशातसुद्धा ठेवू नकोस.