शेठ, चूक माझी आहे, लिनक्सची नाही

नमस्कार शेठ. रिव्ह्यू वाचला, दोन स्टार दिलेत, असूदे. तुम्ही लिहिलंय की लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम) टाकल्यापासून दोन दिवस शेअरिंग बंद, प्रिंटर गायब, फाईल उघडायला उशीर, दुकानदार फोन उचलत नाही, आणि फुकटातलं सॉफ्टवेअर टाकून बिल मात्र पूर्ण लावलं. चारचौघात बोललाय तर उत्तर पण चारचौघातच देतो.

आधी फोनचं. त्या दिवशी मी जतला पाहुण्यांकडं गेलतो, मिस्ड कॉल रात्री बघितले आणि उद्या करू म्हणून झोपलो. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू आणि शेतकरी पट्टीसाठी (विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद) ताटकळत उभा, अशा वेळी मी असं करायला नको होतं. सॉरी.

आता शेअरिंग. तुमच्या चार मशीनपैकी आतल्या खोलीतलं आपण सर्व्हर केलं, त्यावर सांबा टाकलं (सांबारशी काही संबंध नाही ओ, विंडोज आणि लिनक्स एकमेकांच्या फाईली बघतात ते यामुळं), प्रिंटर पण त्यालाच लावला. आता चूक कुठं झाली बघा, त्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मी राऊटरमध्ये फिक्स केलाच नाही. लाईट गेली, राऊटर बंद होऊन चालू झाला आणि त्यानं सर्व्हरला दुसराच आयपी दिला, बाकीची मशीन बसलीत जुन्याच पत्त्यावर शोधत, म्हणून फोल्डर पण गेलं आणि प्रिंटर पण. विंडोज असतं तरी हेच झालं असतं. पाच मिनिटाचं काम होतं, घाईत राहिलं, आता सर्व्हरच्या मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) तो आयपी रिझर्व्ह करून ठेवलाय, कितीही वेळा लाईट जाऊदे.

दुसऱ्या दिवशीचं मात्र माझ्याकडं नका ढकलू. तुमच्या दिवाणजींनी सर्व्हरचा लॉगिन पासवर्ड बदलला आणि तोच नवीन पासवर्ड बाहेरच्या मशीनवर टाकत बसले. सांबाचा पासवर्ड वेगळा असतो, लॉगिनचा बदलला म्हणून तो आपोआप बदलत नाही. हे मी सांगितलं होतं, पण कागदावर लिहून दिलं नव्हतं हेपण खरंय. आता मॉनिटरच्या मागं चिठ्ठी चिकटवलीय, पासवर्डची नाही हं, तो कसा बदलायचा त्याची.

फुकटाचं म्हणाल तर बिल काढून बघा, लिनक्सच्या पुढं शून्य लिहिलंय. पैसे केबल, स्विच, क्रिम्पिंग (केबलला टोकं बसवणं) आणि माझ्या दोन दिवसांच्या मजुरीचे आहेत. आणि लिनक्स मी माझ्या हौसेसाठी नाही टाकलं. तुमची मशीन थर्ड जनरेशनची आय थ्री, विंडोज ११ ला इंटेलचा एट्थ किंवा त्याच्या पुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे एकतर चारही मशीन नवीन घ्या नाहीतर अपडेट नसलेल्या विंडोजवर धंद्याचा हिशोब ठेवा. तुमच्याकडं टाकलेल्या लिनक्सला, म्हणजे मिंट २२ ला, २०२९ पर्यंत अपडेट आहेत. हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही म्हणून ते एक मशीन नवीनच घ्या असं मीच बोललो होतो, आणि तुम्ही घेतलं पण. मग सगळीकडं लिनक्स घुसडलं असं कसं लिहिता शेठ?

राहिलं फाईल उघडायला उशीर. ते मी परवा येऊन बघितलं, सर्व्हरचं लिंक स्पीड १००० एमबीपीएसच्या (म्हणजे गिगाबिटच्या) जागी १०० दाखवतंय. गिगाबिटला केबलमधल्या आठही वायरी लागतात, १०० ला चारच पुरतात, म्हणून बाकीच्या चारपैकी एखादी जरी तुटली तरी लिंक १०० वर येते, चालतंय सगळं पण रखडत. आणि ती केबल कुठून गेलीय? हळदीच्या पोत्यांच्या थप्पीखालून. मी ओढली तेव्हा तिथं थप्पी नव्हती ओ. रविवारी सौदे नसतात, सकाळी येतो, केबलची प्लॅस्टिक पट्टी मारून भिंतीवरून वर घेतो, मजुरी नको, फक्त केबलचे द्या. हमालांना सांगून शनिवारी संध्याकाळी थप्पी तेवढी बाजूला काढून ठेवा, मागच्या वेळेसारखी मला एकट्याला नाही हलायची.