शून्य रुपयांची तीन दरपत्रके

कोणतीही वस्तू तीन दरपत्रके मागवल्याशिवाय घेऊ नये, या एका तत्त्वावर माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. मी लेखापरीक्षक होतो. ग्रामपंचायतीने साधे दिवाबत्तीचे सामान घेतले तरी त्याची तीन दरपत्रके कुठे आहेत, तुलनात्मक तक्ता कुठे आहे आणि सर्वात कमी दराचा पुरवठादार सोडून दुसऱ्याला काम दिले असेल तर त्याची कारणे नस्तीत, म्हणजे फाइलीत, का नोंदवलेली नाहीत, असे विचारणे हे माझे काम होते. ते विचारताना समोर बसलेल्या ग्रामसेवकाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटत, ते हल्ली माझ्या घरच्यांच्या चेहऱ्यावर उमटतात, कारण निवृत्तीनंतर मी ब्लॉग सुरू करायचे ठरवले आहे आणि त्यासाठी मंच, म्हणजे आपले लेख इंटरनेटवर मांडू देणारी सेवा, निवडण्याचे काम रीतसर चालू आहे.

लिहायला विषय भरपूर आहे. दौऱ्यावरचे मुक्काम, विश्रामगृहांचे खानसामे, चुकलेल्या शेवटच्या एसट्या, नेमके मागितलेलेच दप्तर वाळवीने खाल्ल्याचे पंचनामे, असा ऐवज डायऱ्यांमध्ये पडून आहे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पुतण्याला हे सांगितले, तेव्हा तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “काका, त्यात काय एवढं? ब्लॉग फुकट असतो. आज रात्रीच सुरू करा.”

‘फुकट’ हा शब्द ऐकून सामान्य माणसाला आनंद होतो. लेखापरीक्षकाला झोप लागत नाही. एखाद्या लेखाशीर्षाखाली खर्च दिसत नसेल, तर तो झालेलाच नाही असे समजणारा लेखापरीक्षक मी तरी पाहिलेला नाही. तो दुसऱ्या शीर्षाखाली सापडतो, आणि सापडेपर्यंत शोधायचा असतो. म्हणून मी एका कोऱ्या कागदावर तक्ता आखला, ब्लॉगर, वर्डप्रेस आणि मीडियम असे तीन रकाने केले आणि ‘दर’ या ओळीत शून्य, शून्य आणि शून्य असे लिहून बराच वेळ त्याकडे पाहत बसलो. सर्वात कमी दराचा पुरवठादार निवडावा, हे नियम सांगतो. तिघांचाही दर सर्वात कमी असेल आणि तो कमी करण्याविषयी वाटाघाटीही शक्य नसतील, तर काय करावे, हे सांगणारा नियम मला आठवेना. दर गेला, की निवडीचा आधारच जातो. त्यामुळे लोक अशा वेळी आवडणारा रंग, मेव्हण्याचा सल्ला किंवा पहिली दिसलेली निळी कळ यांवर निर्णय घेत असावेत. मी पुरवठादारांचा पूर्वेतिहास तपासायचे ठरवले.

ब्लॉगर ही सेवा १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने सुरू केली आणि २००३ साली ती गूगलने विकत घेतली. पायराच्या संस्थापकांपैकी एक इव्हान विल्यम्स. याच गृहस्थांनी पुढे २००६ साली इतरांच्या सोबतीने ट्विटर काढले, जिथे एका वेळी १४० चिन्हांपेक्षा जास्त लिहायला बंदी होती, आणि २०१२ साली मीडियम काढले, जिथे पुन्हा हवे तेवढे लांब लिहिता येते. म्हणजे माझ्या तीन दरपत्रकांपैकी दोन मुळात एकाच घरातून आलेली निघाली. नात्यातल्या दोन दुकानांची दरपत्रके एकाच नस्तीत जोडलेली पाहून मी पूर्वी परिच्छेदच्या परिच्छेद लिहीत असे; इथे मात्र समोर अनुपालन, म्हणजे आक्षेपांना उत्तर, सादर करायला कोणी नव्हते.

वर्डप्रेसचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली ते सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले आणि ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले आहे, इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण वर्डप्रेस डॉट ऑर्ग वेगळे आणि वर्डप्रेस डॉट कॉम वेगळे, हे पुतण्याने सांगितले आणि माझी पेन्सिल थांबली. पहिल्या ठिकाणी सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण ते ठेवायला सर्व्हरवरची जागा आपण पैसे भरून घ्यायची. दुसऱ्या ठिकाणी जागाही फुकट मिळते, पण आपल्या लेखात त्यांच्या जाहिराती येतात आणि स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, जोडायचे तर पैसे पडतात. एकाच नावाची दोन खाती, एकाचा माल फुकट आणि दुसऱ्याची जागा फुकट, हे एखाद्या पंचायत समितीत आढळले असते तर मी विशेष लेखापरीक्षणाची शिफारस करून मोकळा झालो असतो. पुतण्या म्हणाला, “काका, हे सगळ्या जगाला माहीत आहे.” सगळ्या जगाला माहीत असणे हा पुरावा होत नाही, हे मी त्याला सांगितले.

बंगळुरूहून मुलीने फोनवर वेगळाच सूर लावला. “बाबा, ब्लॉग आता कोण वाचतं? तुम्ही न्यूजलेटर काढा, सबस्टॅकवर.” लेख वाचकांना थेट ईमेलने पाठवणारी, २०१७ साली सुरू झालेली ही सेवाही फुकट आहे, मात्र वाचकांकडून वर्गणी घेतली, तर तिच्यातला दहावा हिस्सा ती ठेवून घेते. मला हे वाचून फार बरे वाटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आपला दर आकड्यात लिहिला होता. पण माझ्या आठवणींसाठी वर्गणी भरणारा माणूस डोळ्यांपुढे आणण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला, आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त माझी बहीण आली, तीही पैसे परत मागताना.

पूर्वेतिहास तपासताना मरणनोंदीही पाहायच्या असतात, आणि त्या पाहून माझा धीर खचला. जिओसिटीजवर एके काळी लाखो लोकांनी फुकट पाने थाटली होती. याहूने ती कंपनी १९९९ साली घेतली आणि २००९ साली बंद केली. पोस्टरस ही गोजिरवाणी सेवा ट्विटरने २०१२ साली विकत घेतली आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलअखेर तिचे दुकान आवरले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज लाइव्ह स्पेसेसवरच्या लेखकांना आपले सामान उचलून वर्डप्रेस डॉट कॉमवर जाण्याची वाट दाखवण्यात आली. टम्बलर या ब्लॉगसेवेचा हिशेब तर मी दोनदा तपासला. २०१३ साली याहूने ती सेवा ११० कोटी डॉलरना घेतली आणि २०१९ साली ती वर्डप्रेस डॉट कॉमवाल्या ऑटोमॅटिक कंपनीकडे गेली, तेव्हाच्या बातम्यांनुसार किंमत ३० लाख डॉलरहूनही कमी होती. सहा वर्षांत एवढा घसारा मी जिल्हा परिषदेच्या जीपगाडीवरही लावलेला पाहिलेला नाही.

हे सारे मी सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींपुढे मांडले. त्यातले एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, “अहो, फुकटातलं असंच जायचं. चार पैसे टाका आणि निर्धास्त व्हा.” त्यांना मी टाइपपॅडचे उदाहरण दिले. २००३ पासून पैसे घेऊन ब्लॉग चालवणारी ही सेवा सप्टेंबर २०२५च्या अखेरीस बंद झाली, म्हणजे पैसे भरणारेही शेवटी फुकट्यांच्याच रांगेत आले. दुसरे म्हणाले, “मग गूगलकडे जा. ती काय बुडणारी कंपनी आहे का?” कंपनी बुडत नाही, हे खरे, पण तिने आपली समाजमाध्यमे, ऑर्कुट २०१४ साली आणि गूगल प्लस २०१९ साली, स्वतःच्या हातांनी बुडवली, हे मी सांगितल्यावर त्या दिवशी मंडळींनी उताराचा वेग वाढवला.

यानंतर मी सेवेच्या अटी वाचायला घेतल्या. या अटी वाचायच्या नसून खाली ‘मान्य’ म्हणायच्या असतात, असे पुतण्याचे मत आहे. न वाचलेल्या कागदावर सही करण्याची मला सवय नाही, आणि पडद्यावर वाचलेल्या मजकुराच्या कडेला शेरे मारता येत नाहीत, म्हणून मी त्या छापून घेतल्या. सेवा केव्हाही बदलण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील, अशा आशयाचे कलम जवळपास सगळीकडे भेटले. त्या प्रत्येकाच्या कडेला मी ‘मोघम, खुलासा व्हावा’ असे लिहिले. हा खुलासा कोणाकडून व्हावा, हे मात्र कुठेच छापलेले नव्हते. प्रिंटरने मध्येच शाई संपल्याचे जाहीर केले. सौभाग्यवतींनी नव्या कार्ट्रिजची पावती टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “अहो, हा फुकटचा ब्लॉग कोणत्या खात्यावर टाकू? घरखर्चात की तुमच्या औषधांत?” प्रश्न लेखाशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड होता. मी तो ‘संकीर्ण’मध्ये टाकायला सांगितला.

खरी परीक्षा मराठीची होती. आपल्या लेखाला देवनागरीत शीर्षक दिले, की इंटरनेटवर त्या लेखाचा पत्ता कसा तयार होतो, हे मराठी माणसाने एकदा शांतपणे पाहावे. वर्डप्रेस शीर्षकातले प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा आणि हलन्त वेगवेगळा मोजते, त्या प्रत्येकाचे तीन तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा टक्क्याचे चिन्ह व दोन रोमन अक्षरे-आकडे अशा रूपात लिहिते. म्हणजे एका चिन्हाची नऊ चिन्हे होतात. ‘मुक्काम’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. संगणक त्यात म, उकार, क, हलन्त, पुन्हा क, काना आणि म अशी सात चिन्हे पाहतो, आणि पत्त्यात त्याची ६३ होतात. ही साखळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तर पाहणाऱ्याला मुक्काम दिसत नाही. आपल्या बँक खात्यावर कोणीतरी टपले आहे, अशी त्याची खात्री पटते. शिवाय वर्डप्रेसमध्ये या पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे, त्यामुळे बावीस चिन्हांनंतर शीर्षकाची शेपटी तुटते, आणि मराठी लेखकाला बावीस चिन्हांत शीर्षक आटोपण्याची सवय नसते.

ब्लॉगरची पद्धत याच्या अगदी उलट आहे. देवनागरी शीर्षकाशी तो झटापट करतच नाही. शीर्षकात एकही रोमन अक्षर दिसले नाही, की तो पत्त्यात नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ लिहितो आणि पुढच्या लेखांना शेवटी आकडे लावतो. आजीवरचा मृत्युलेख असो किंवा भरली वांगी, पत्ता तोच, फक्त आकडा निराळा. मला व्यक्तिशः हा प्रकार आवडला, कारण आमच्या कार्यालयातही माणसाच्या आयुष्याची नस्ती जावक क्रमांकानेच ओळखली जात असे. दोन्हीकडे आपण स्वतः रोमन लिपीत पत्ता लिहून देऊ शकतो, अशी सोय आहे. ती वापरायची ठरवल्यावर ‘मुक्काम’मध्ये इंग्रजी ‘ए’ एक द्यावा की दोन, यावरून आमच्या घरात दोन तट पडले. सौभाग्यवती एकाच्या बाजूने होत्या, मुलगी दोनच्या, आणि पुतण्या ‘काहीही द्या, पण आज द्या’ या पक्षाचा होता.

सगळे रकाने भरून झाले तरी तक्ता सम राहिला. तेव्हा माझ्या लक्षात एक रकाना आला, जो कोणत्याही जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापत नाहीत: इथून निघायचे झाले, तर आपले लेखन आपल्याबरोबर नेता येते का? नोकरीत मी नव्या गावी गेल्यावर पहिल्यांदा परतीच्या एसटीची वेळ विचारत असे, आणि त्यामुळे यजमान नाराज झाले तरी माझी रात्र कधी फलाटावर गेली नाही. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे सगळे लेख एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. मीडियमही आपले लेखन बांधून देते. इथेही तिघे सारखेच निघाले, पण आता मला निदान काय पारखायचे ते कळले होते. एका मंचावर मी खाते उघडले, ‘चाचणी’ हा एकच शब्द लिहून लेख प्रसिद्ध केला आणि लगेच निघून जाण्याची तयारी म्हणून तो उतरवून घेतला. आलेली फाइल चांगली लांबलचक होती. त्यात एक शब्द माझा होता आणि उरलेला सगळा मजकूर यंत्राचा होता, पण माझा शब्द काना-वेलांटीसह शाबूत होता. मी तक्त्याखाली ‘हिशेब जुळतो’ असा शेरा मारला आणि निवड अंतिम केली. त्या मंचाचे नाव मी इथे देत नाही, कारण तिन्ही पक्षांचे सल्लागार अजून माझ्याशी बोलत आहेत आणि पुतण्याला आपलाच मंच जिंकला असे वाटते आहे.

त्यानंतर थीम, म्हणजे ब्लॉगच्या दिसण्याचा तयार साचा, निवडायची होती. तिथे तर शेकडो दरपत्रके होती आणि प्रत्येकाच्या चित्रात समुद्रकिनारी लॅपटॉप घेऊन बसलेली तरुण मंडळी होती. वाळवी खाल्लेल्या दप्तरांच्या आठवणींना त्यातली कोणतीच शोभण्यासारखी नव्हती. जिच्यात जोडाक्षरे फुटत नाहीत आणि वरची मात्रा कापली जात नाही, अशी पहिली पांढरी थीम घेऊन मी ते प्रकरण मिटवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडेवारीचे पान उघडले, तर माझा ‘चाचणी’ हा लेख रातोरात सिंगापूरमध्ये बऱ्याच जणांनी वाचलेला दिसला. पुण्यातून एकही वाचक नव्हता, घरातूनही नव्हता. पुतण्याला दाखवले, तर तो हसून म्हणाला, “काका, ती माणसं नाहीत. बॉट असतात, इंटरनेटवर आपोआप फिरणारे प्रोग्रॅम.” सिंगापूरला महाराष्ट्र मंडळ आहे, तिथली मराठी माणसे रात्री निवांत वाचत बसली असतील, हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिले आणि ते वाचक यंत्रेच आहेत याचा लेखी पुरावा मागितला. तो त्याला सादर करता आला नाही. विरुद्ध पुराव्याअभावी मी ते सगळे वाचक मान्य केले असून नोंदवहीत तशी नोंद घेतली आहे.