अर्धी अनामिका

"अगं, हात तर चांगला दिसतोय की तुझा!" काल लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. नुसत्या म्हणून थांबल्या नाहीत. माझा कोपर धरला आणि मंडईत वांगं उलटसुलट करून किडकं आहे का बघतात तसा बघितला. "आता कामावर जायला काही हरकत नाही," असा निर्वाळा दिला आणि चौथा मजला आल्यावर उतरून गेल्या. मला एकाहून एक उत्तरं सुचली, पण ती पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये. लिफ्टमध्ये तेव्हा मी एकटीच होते.

हाताचं काय झालं ते एकदाचं सांगून टाकते, म्हणजे निदान वाचणारे तरी विचारणार नाहीत. कोपर टेबलाच्या कडेला आपटला की करंगळीपर्यंत जी सणक जाते, ती ज्या नसेची, ती अल्नार नर्व्ह. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून, एका चिंचोळ्या बोगद्यातून ती जाते. माझी तिथे दबली होती. मी बँकेत कॅशियर. नोटा मोजताना करंगळीला मुंग्या यायच्या, मग ती बधिर झाली, मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसला. तिथे चक्क खळगा पडला. डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात एक कागद धरायला दिला आणि पलीकडून ओढला. तो धरून ठेवायला माझ्या अंगठ्याचं पेर काटकोनात वाकलं. "बघा," डॉक्टर खुशीत म्हणाले. या परीक्षेला फ्रोमां नावाच्या फ्रेंच डॉक्टरांचं नाव आहे म्हणे. जन्मभर लोकांच्या हातातून कागद ओढून घेतलेल्या बाईवर ही वेळ यावी!

आणखी एक गंमत म्हणजे ही नस अख्खी करंगळी सांभाळते, पण अनामिका मात्र अर्धीच. उरलेली अर्धी दुसऱ्या नसेच्या ताब्यात. एका बोटाची अशी वाटणी कोणी आणि कशासाठी केली, देव जाणे. माझ्या बोटातली अंगठी मधल्या बोटाच्या बाजूने कळते, करंगळीच्या बाजूने कळत नाही. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी माझ्याकडे जरा जपून बघितलं. अख्खं बोट बधिर म्हटलं तर लोक हळहळतात. अर्धं बोट म्हटलं की बाईच्या मनाचंच काहीतरी असणार.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नस बोगद्यातून सोडवली आणि कोपराच्या मागून पुढे आणून ठेवली. मला पूर्ण भूल नव्हती. गळ्याच्या बाजूला, हसळीच्या हाडावर सुई देऊन फक्त उजवा हात झोपवला होता. सांगण्यासारखं जे घडलं ते त्यानंतर, सेमी-प्रायव्हेट खोलीत.

सेमी-प्रायव्हेट म्हणजे मध्ये एक हिरवा पडदा. पडद्यापलीकडे अपेंडिक्स काढलेला एक मुलगा आणि त्याच्या सोबतीला साताऱ्याकडून आलेल्या त्याच्या आत्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा. मला खोलीत आणून पाच मिनिटं झाली नसतील, तोच पडदा सरकला.

"काय झालंय गं पोरी?"

"नस दबली होती."

"कुठली?"

"कोपरातली."

"कोपरात कुठं नस असती? नस मानंत असती, कमरंत असती." आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की डॉक्टरांनी फसवलं ते माझ्याच भोळेपणामुळे. "आमच्या शेजारगावात एक जण हाय. टाचंनं दाबतो. एका दाबात मोकळी. पैसं घेत न्हाई, फकस्त नारळ. आमच्या म्हशीचा पाय त्येनंच सरळ केला."

नारळात काम झालं असतं हे ऐकून नवऱ्याने सुस्कारा सोडला. तो माझ्या लक्षात आहे.

मग आत्यांचं लक्ष गेलं माझ्या हाताकडे. कोपर प्लॅस्टरच्या स्लॅबमध्ये, वर पट्टी आणि खाली उशीवर निवांत पडलेला पंजा. "हलव बघू." हलत नाही म्हटलं. "कळतं का?" कळत नाही म्हटलं. आत्या जवळ आल्या आणि दोन बोटांत माझ्या तळहाताच्या मागची कातडी धरून कचकन चिमटा काढला.

"लागलं?"

"नाही."

"आरं देवा!" त्यांनी दुसरा काढला. "आता?"

"नाही."

"खोटं न्हाई ना बोलत? नवरा बसलाय म्हणून?"

तिसरा चिमटा बराच वेळ टिकला. आत्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या आणि मी त्यांच्या बोटांकडे. खरं सांगायचं तर मलाही उत्सुकता होती. कातडी ताणली जातेय, पांढरी पडतेय हे दिसत होतं आणि तो हात कुणातरी परक्या बाईचा असावा तसा तिथे पडला होता. एवढ्यात अपेंडिक्सला भेटायला त्याचे मामा आले. "दाजी, हिकडं या, बाईचा हात बगा," आत्या म्हणाल्या. दाजींनी संकोचत, परस्त्रीचा हात म्हणून नखाने नुसतं टोचलं. त्यांच्या मागे आलेल्या दोन कॉलेजच्या पोरांना तेवढा संकोच नव्हता. त्यातला एक माझी परवानगी विचारून मग जोरात चिमटा काढता झाला आणि "भारी!" म्हणाला. फरशी पुसायला आलेल्या मावशींनी फडकं बाजूला ठेवून हात धुतले (इस्पितळाची शिस्त!) आणि त्याही आल्या. "तीनशे चारमधल्या बाईचा पाय असाच होता, पण त्या हात लावू देईनात," असं त्यांनी सांगितल्यावर माझ्या मोठेपणाबद्दल आत्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. नवरा या सगळ्या वेळात काय करत होता म्हणाल, तर फोनवर माझ्या बहिणीला "सगळं व्यवस्थित आहे" असं सांगत होता.

रात्री मला जाग आली ती छातीवर कोणाचातरी गरम, जड हात आहे म्हणून. मी किंचाळले. पडद्याआडून आत्यांचा आवाज आला, "तुजाच हाय गं. झोप."

सकाळी भूल उतरली आणि सगळे चिमटे एकदम वसूल झाले. राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी पंजावरचे निळे डाग बघून सिस्टरला विचारलं, "हे काय? आयव्हीची सुई इथे लावली होती का?" सिस्टरने माझ्याकडे बघितलं, मी आत्यांकडे. आत्या भाच्याला मोसंबीचा रस पाजण्यात गढून गेल्या होत्या. भाच्याला अजून तोंडाने काही द्यायचं नव्हतं, पण तो विषय वेगळा.

"घरी जा," असं डॉक्टर सकाळीच म्हणाले. घरी पोचलो रात्री. कॅशलेस विमा असला की माणूस बरा होतो सकाळी आणि सुटतो रात्री. डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असा विमा नियामकांचा 2024 चा नियम आहे. मी बँकेतली असल्याने मला परिपत्रकं वाचायची खोड आहे आणि ते मी खिडकीवरच्या मुलाला तोंडपाठ म्हणून दाखवलं. "मॅडम, तीन तास आम्ही पाठवल्यापासून," तो म्हणाला. "कधी पाठवलंत?" "पाठवतोय ना." मग सही हवी होती. उजवा हात गळ्यात. डाव्या हाताने केलेली सही बघून तो म्हणाला, "ही पॉलिसीवरच्या सहीशी जुळत नाही." काउंटरच्या आतल्या बाजूला बसून हे वाक्य मी किती लोकांना ऐकवलं असेल! पण मी ते जरा तरी खेद दाखवून म्हणते. शेवटी डाव्या हाताचा अंगठा घेतला. आत्या बिल विचारायला तिथेच आल्या होत्या. "लाव की गं," त्या म्हणाल्या, "मी जलमभर लावते, काय बिघडलं माजं?" आमच्याकडे तर सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराचा हाताचा नाही तर पायाचा अंगठाही चालतो. तशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, फक्त दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हे मी त्या मुलाला सांगितलं नाही. त्याने चप्पल काढायला लावली असती.

ग्लोव्हज, कापूस आणि हात अडकवायची ती झोळी विम्यात बसत नाही म्हणून वजा झाली. हाताच्या ऑपरेशनला झोळी चैनीची वस्तू कशी, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

घरी आल्यावर कळलं की आजारांमध्येही वरखाली असतं. माझ्या दिरांचा मागे पाय मोडला होता. पांढरंशुभ्र प्लॅस्टर, उशीवर ठेवलेला पाय, दारातून आत येणाऱ्याला आधी पायच दिसायचा. नारळपाणी, शहाळ्याची मलई, चिकन सूप. सहा आठवड्यांत प्लॅस्टर उतरलं, पेढे वाटले. नसेचं तसं नाही. टाके निघाले, स्लॅब गेला, व्रण कोपराच्या आतल्या बाजूला, ब्लाउजच्या बाहीखाली. दिसायला काही उरलं नाही आणि खरं दुखणं तिथून पुढे सुरू. दबून दबून मेलेले धागे कोपरापासून पुन्हा वाढत खाली यायला लागतात, साधारण दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला एक इंच. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत सव्वा फूट. करा हिशेब, वर्ष-सव्वा वर्ष. तोवर खळगा भरेल की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. "आपण आशा ठेवू," म्हणतात. त्यांचं ठीक आहे, त्यांना शर्टाचं बटण लावता येतं. मला ब्लाउजचे हूक नवऱ्याकडून लावून घ्यावे लागतात आणि तो दर वेळी एक हूक वरचा-खालचा करतो.

फिजिओथेरपीवाली मुलगी हाताच्या आतल्या बाजूने बोटाने टकटक करत जाते. जिथे टिचकी मारल्यावर करंगळीत झिणझिणतं, तिथवर नस पोचली असं समजायचं. टिनेल हा फ्रेंच आणि हॉफमन हा जर्मन, दोघांनी 1915 साली, एकमेकांविरुद्ध महायुद्ध चालू असताना, आपापल्या बाजूच्या जखमी सैनिकांना टिचक्या मारून हे स्वतंत्रपणे शोधलं. म्हणजे खंदकाच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी कोणालातरी विचारत होतं, "इथे झिणझिणतंय का?" आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारत नाही. "अजून बरं नाही वाटलं?" हा विचारतात. त्या 'अजून'मध्ये रजेचे दिवस, माझा पगार, घरात बसून मी बघितलेल्या मालिका, सगळं आलं. मालिका मी बघितल्या, कबूल. करंगळी बधिर असली तरी रिमोट चालतो.

तर आता डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर 'हलकं काम करण्यास हरकत नाही' असं लिहून दिलंय. बँकेने कळवलं की कॅश काउंटर हलक्या कामात येत नाही, आणि दुसरं काम सध्या नाही. घराने मात्र ते सर्टिफिकेट ताबडतोब स्वीकारलं. हलकं काम म्हणजे लसूण सोलणं. मेथी निवडणं. मटार. सध्या मटार स्वस्त आहे, त्यामुळे नवरा पिशवी भरून आणतो आणि सगळे दाणे फ्रीझरमध्ये जायचे असतात. "बसल्या बसल्या होईल," सासूबाई म्हणतात. शेंग चिमटीत धरून दाबायची, हीच नेमकी ती कागदाची परीक्षा. माझ्या हातून शेंग उडते, दाणे सोफ्याखाली जातात आणि मी वाकून ते शोधते. सासूबाईंच्या मते हा व्यायामच.

फिजिओने दाबायला रंगीत पुट्टीचा गोळा आणायला सांगितला. किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "त्याला पैसे कशाला? कणीक आहे की घरात." फिजिओला विचारलं तर तीही म्हणाली, चालेल, उत्तमच. दोघींचं एवढं एकमत याआधी कशावर झालं नव्हतं. तेव्हापासून मी रोज सहा माणसांची कणीक मळते, तेल लावून, घडीघडीने, औषध म्हणून.

काल लिफ्टमधून वर आले आणि रागारागात कणीक मळली. रात्री जेवायला बसल्यावर सासूबाईंनी पोळीचा पहिला घास तोडायला घेतला. तुटेना. दोन्ही हातांनी ओढली, चावली, पाणी प्यायल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गं, हातात काही जोर आहे की नाही तुझ्या?"