हात लावू नका म्हटलं की लावायचाच?

लातूर-नांदेडहून कुणीही पाहुणे आले की त्यांना जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात न्यायचं, आणि दरवेळी तोच वैताग! समोर १९५४ ची ३०० एसएल, मर्सिडीजची जुनी स्पोर्ट्स गाडी. तिची दारं वर का उघडतात? तिचा सांगाडा म्हणजे नळ्यांची चौकट, ती बाजूंनी उंच येते, साध्या दाराला जागाच उरत नाही म्हणून. पण ऐकतो कोण? "ॲव्हरेज किती देती हो?" अरे, शर्यतीच्या गाडीवरून घडवलीय ती! मग पाठ टेकवून सेल्फी, लेकरू थेट बॉनेटवर, बोटातली अंगठी रंगावर खर्रकन! हटकलं तर वर तोंड करून, "तिकीट काढलंय की!" बघायचं काढलंय, दादा. घासायचं नाही! सत्तर वर्षं जपलेला रंग आहे तो, कामून हात लावता?